एका गायिकेचे दोन आवाज

(द्वितीय वर्ष, कला)

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या वेळा वापरतो की, तिच्यातले सोने आता घासून पातळ झाले आहे. जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात, जुने वाडे पाडून तेथे दुकानांचे गाळे उभे राहतात, आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या भंगारवाल्याच्या गाड्यावर किलोच्या भावाने जातात. म्हण मात्र निबंधात कायम! म्हणून आरंभीच सांगून टाकते. थोर कलावंतांच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका आपण ऐकाव्यात असे मी या लेखात म्हणणार आहे, पण त्या जुन्या आहेत म्हणून नव्हे. त्या ऐकाव्यात, कारण त्यांत तो कलावंत अजून थोर झालेला नसतो. पुरस्कार नाहीत, पुतळा नाही, नावाचा रस्ता नाही. आहे तो एक कोवळा गळा आणि तीन मिनिटांचा वेळ. आपल्यासारख्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना थोरांची शेवटची पायरी दाखवून काय उपयोग? आपल्याला पहिली पायरी पाहायची असते.

माझे म्हणणे एका उदाहरणाने मांडते. ते उदाहरण गंगूबाई हनगल यांचे.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाडला झाला आणि २१ जुलै २००९ रोजी हुबळीला त्यांचे निधन झाले. किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून त्या साऱ्या देशाला ठाऊक आहेत. १९७१ साली पद्मभूषण, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ साली पद्मविभूषण असे मान त्यांना मिळाले. हुबळी-धारवाड आज कर्नाटकात आहे. पण १९५६ पर्यंत तो मुलूख मुंबई राज्यात होता, आणि आपले नांदेड-लातूर हैदराबादेच्या राज्यात. म्हणजे त्या काळी धारवाडपेक्षा मुंबईला परके आपणच होतो! गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हे कानडी मुलखातले. पण त्यांना नाव मिळाले ते मराठी रंगभूमीवर. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवात गंगूबाई वर्षानुवर्षे गात होत्या. तेव्हा ही बाई आपली की परकी, हा प्रश्न निदान मराठी रसिकाने कधी विचारला नाही.

गंगूबाईंचा जो आवाज सर्वांच्या परिचयाचा आहे, तो भारदस्त, खर्जाकडे झुकणारा, दगडी जोत्यासारखा. पडद्यामागून ऐकला तर कोणी पुरुष गातो आहे असे वाटावे. अनेकांना तसे वाटतही असे. परंतु या आवाजाच्या आधी त्यांचा दुसरा एक आवाज होता. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. त्या वेळी त्या विशीच्या आसपासच्या होत्या, आणि तबकडीवर नाव छापले गेले ते ‘गांधारी हनगल’ असे. त्या तबकड्यांतला आवाज बारीक, धारदार, वरच्या सप्तकात सहज चढणारा आहे. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज बदलला. बारीक होता तो जाड झाला. वरचा प्रदेश आकसला आणि खालचा विस्तारला. गांधारी संपली व गंगूबाई सुरू झाल्या, असे म्हटले तरी चालेल.

मी या तबकड्यांपर्यंत कशी पोचले, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. आमच्या घरात शास्त्रीय संगीत ऐकण्याची परंपरा नाही. कॉलेजात जाण्याचीही नव्हती. ती माझ्यापासून सुरू झाली. आमचे गाव नांदेड-लातूर रस्त्यावरून आत, अहमदपूरच्या अलीकडे. गावात गाणे म्हणजे भजनी मंडळ, हरिनाम सप्ताह आणि लग्नातला बॅन्ड. नांदेडला कॉलेजात आल्यावर एका निवृत्त शिक्षकांकडे पुस्तके आणायला जाणे सुरू झाले. त्यांच्या माळ्यावर लोखंडी ट्रंकेत पंचवीस-तीस तबकड्या होत्या. चावीचे यंत्र होते, पण त्याची स्प्रिंग केव्हाच तुटलेली. सरांनी एक तबकडी फडक्याने पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “वाच, काय लिहिलंय.” गांधारी हनगल हे नाव मी तेव्हा प्रथम वाचले. तबकडी वाजली नाहीच. त्याच काळातली त्यांची गाणी आम्ही मोबाइलवर शोधून ऐकली, आणि पाठोपाठ सरांनी त्यांच्या उतारवयातला एक ख्याल लावला. दोन्ही गळे एकाच बाईचे, हे सांगितल्याशिवाय कळणारे नव्हते.

आता या तबकड्या ऐकताना यंत्राचाही थोडा विचार केला पाहिजे. नाहीतर आपण यंत्राचा गुण गायिकेच्या नावावर लिहू. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रण सुरू केले ते १९०२ साली, कलकत्त्यात. गौहरजान ही त्या पहिल्या गाणाऱ्यांपैकी. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढी. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या तबकड्या याच पद्धतीच्या. पुढे १९२५ पासून विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, आणि हलका, नाजूक स्वरही टिपता येऊ लागला. गांधारी हनगल गायल्या त्या या दुसऱ्या जमान्यात. म्हणजे त्यांना कर्ण्यात ओरडावे लागले नाही. परंतु वेळ तोच राहिला: दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. जो राग मैफलीत तासभर मांडायचा, तो या तीन मिनिटांत सुरू करून संपवायचा. आपल्याला परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांत निबंध लिहायला सांगितला, तर कसे होईल?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे या वेगाने फिरायच्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सगळे गाणे अर्ध्या स्वराने वर चढते. सा असतो तेथे कोमल रे होतो. मोबाइलवर आज जी जुनी गाणी मिळतात, ती कोणी कोणत्या यंत्रावर, किती वेगाने वाजवून उतरवली, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते. तेव्हा एकच प्रत ऐकून “काय बारीक आवाज होता!” असा निकाल देणे घाईचे ठरेल. दोन-तीन प्रती ऐकाव्यात, साथीच्या वाद्यांकडे कान द्यावा, मग बोलावे. गंगूबाईंच्या बाबतीत मात्र दोन आवाजांतला फरक इतका मोठा आहे की, यंत्राची सगळी सूट देऊनही तो उरतोच.

या दोन आवाजांवरून रसिकांत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष हळहळतो. “काय गोड गळा होता हो! आजाराने घात केला.” दुसरा पक्ष म्हणतो, “त्या तबकड्या म्हणजे पोरवयातला उद्योग. खऱ्या गंगूबाई नंतरच्याच. जुने उकरून काय मिळणार?” दोन्ही पक्ष जाणकारांचे आहेत आणि मी काही जाणकार नाही. तरीही मला हे दोन्ही पक्ष एकाच खोडीचे वाटतात. दोघांनाही एकाच आवाजाला खरे ठरवायचे आहे. माणसाला जन्मात एकच खरा आवाज असतो, असे यांना कोणी सांगितले?

पहिल्या पक्षाचे मत आधी तपासू. गोड गळा गेला म्हणून हळहळणारे एक गोष्ट धरून चालतात, ती ही की बाईचा आवाज बारीक असावा. हे कोणी ठरवले? सिनेमाच्या गाण्यांनी ठरवले म्हणावे, तर ती फार अलीकडची. माझी आजी जात्यावर ओव्या गायची. तिचा आवाज बारीक नव्हता. पहाटेच्या अंधारात जात्याच्या घरघरीवर मात करायची तर बारीक आवाज कसा पुरेल? शेतात खुरपताना या टोकाच्या बाईने म्हटलेले त्या टोकाच्या बाईला ऐकू जावे लागते. उन्हातान्हात, धुळीत, चुलीच्या धुरात राबलेल्या बायकांचे गळे असेच असतात: रुंद, खरबरीत, ठाम. शाळेत आल्यावर मला कळले की हा आवाज म्हणजे ‘भसाडा’ आणि स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात अशा मुलींनी मागच्या रांगेत उभे राहून नुसते ओठ हलवायचे असतात. गंगूबाईंचा ख्याल आजीला ऐकवला, तेव्हा ती म्हणाली, “बाई हाय व्हय ही? मला गडीच वाटला.” मग थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “दमाची हाय.” आमच्याकडे ‘दमाची’ म्हणजे टिकणारी, हार न जाणारी. एवढी नेमकी समीक्षा मी अजून कोठे वाचली नाही.

गंगूबाईंनी आपला बदललेला आवाज लपवला नाही, बारीक करून गायल्या नाहीत. जो आवाज हाती आला त्याला साजेल असे गाणे त्यांनी घडवले. सावकाश आलाप, एकेका स्वरावर ठाण मांडून बसणे, मोजकेच राग पण ते तळापर्यंत. गळ्याने जेवढे नाकारले, तेवढे त्यांनी बुद्धीने आणि कष्टाने भरून काढले. परंतु हे केवढे मोठे काम होते, याची कल्पना त्यांच्या पहिल्या तबकड्या ऐकल्याशिवाय येत नाही. आपण काय गमावले हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्यानेच पुढे काय मिळवले याला किंमत. म्हणून दुसऱ्या पक्षाचेही मला पटत नाही. पोरवयातला उद्योग म्हणून त्या तबकड्या बाजूला ठेवल्या, तर नंतरच्या गंगूबाई जन्मापासूनच तशा होत्या असे वाटेल. मग आपण त्यांना नमस्कार करू आणि निघून जाऊ. शिकणार काहीच नाही.

ही गोष्ट एकट्या गंगूबाईंची नाही. कुमार गंधर्व लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसे गात. बालगायक म्हणून त्यांचे देशभर कौतुक झाले. पुढे ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, एक फुप्फुस निकामी झाले, देवासला वर्षानुवर्षे गाणे बंद राहिले. त्यानंतरचे कुमार वेगळे. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकड्या जयपूर घराण्याची तालीम मिळण्याआधीच लोकांना आवडू लागल्या होत्या. मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडची तालीम त्यानंतरची. म्हणजे नाव झाल्यावर हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला! आणि भीमसेन जोशींची कथा तर प्रसिद्धच आहे. गदगमधल्या या मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली तबकडी ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. ज्या घरात गवई नाही, ज्या गावात मैफल नाही, तेथे तीन मिनिटांची तबकडी गुरूचा निरोप घेऊन जाऊ शकते. तीन मिनिटे ही काही लहान गोष्ट नव्हे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात सोडली, तेव्हा पृथ्वीची ओळख म्हणून जी तबकडी त्यांत ठेवली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तीही अवघ्या साडेतीन मिनिटांची.

मात्र तबकडी निरोप देते, विद्या देत नाही, हेही तितकेच खरे. गंगूबाईंच्या तबकड्या निघाल्या, नाव झाले, तरी त्यांची खरी तालीम नंतरच झाली. सवाई गंधर्व कुंदगोळला स्थायिक झाल्यावर त्या हुबळीहून रेल्वेने तेथे जात, शिकून रात्री परतत. गुरुजी एक-एक पलटा दिवसेंदिवस घोटून घेत. त्या काळी गाणाऱ्या बाईने असे एकटीने ये-जा करणे लोकांना रुचत नसे. रस्त्याने जाताना टोमणे ऐकावे लागत. गावाहून एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या मुलींना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेवटची गाडी चुकली तर काय होते, आणि दुसऱ्या दिवशी पारावर काय बोलले जाते, ते आम्हाला ठाऊक आहे.

येथे आणखी एका गोष्टीकडे वळले पाहिजे. गंगूबाईंचे शिक्षण पाचवीपर्यंत झाले. त्यांच्या घराण्यात गाणे आईकडून आले, आणि समाजाने त्या गाण्याला कधी प्रतिष्ठा दिली नव्हती. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीने हिंदुस्थानी गाणे शिकायचे ठरल्यावर तिच्या कानावर दुसरे संस्कार होऊ नयेत म्हणून आईने आपले गाणे बंद केले, असे सांगतात. १९२४ साली बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे स्वागतगीत म्हणणाऱ्या शाळकरी मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या. गांधीजींसमोर गायला मिळणार याच्या आनंदाबरोबरच त्यांच्या मनात एक धाकधूक होती: जेवणाच्या वेळी आपल्याला वेगळे बसवतील काय, उष्टी काढायला सांगतील काय? ही आठवण पुढे त्यांनीच सांगितली आहे. मोठेपणी त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलून दाखवली. पुरुष गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो. पण केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात.

आता या पार्श्वभूमीवर ती तबकडी डोळ्यांपुढे आणा. ज्या घरांच्या ओट्यावर गाणाऱ्या बाईला बसू दिले नसते, त्या घरांच्या दिवाणखान्यात तिचा आवाज जाऊन बसला. चावी फिरवली, सुई टेकवली की ती गाऊ लागे आणि घरातल्या सुना-लेकी दाराआडून ऐकत. यंत्राला जात दिसत नाही. पण कानांना चटक लागली म्हणून मने बदलली, असेही नाही. आवाज आत आणि बाई बाहेर, अशी ही विचित्र व्यवस्था कित्येक वर्षे चालली. जुन्या तबकड्यांचे कौतुक करणारे पुष्कळ लेख असतात. त्यांत मधुर स्वर, सोनेरी काळ, रसिकता असे शब्द येतात. तो काळ कोणासाठी सोनेरी होता, हेही कधीतरी विचारले पाहिजे. नाहीतर आपले ऐकणे अर्धवट राहील.

आम्हा मराठवाड्यातल्या मुलांना हे सगळे जवळचे का वाटावे? कारण आवाजाचा प्रश्न आमचाही आहे. एका वक्तृत्व स्पर्धेत बोलता बोलता माझ्या तोंडून ‘आम्ही करत आहोत’ ऐवजी ‘आम्ही करायलाव’ असे निघाले, आणि सभागृहात हशा पिकला. विषय होता दुष्काळ! दुष्काळावर कोणी हसले नाही, ‘करायलाव’वर हसले. परीक्षकांनी नंतर सल्ला दिला की विचार चांगले आहेत, पण भाषा शुद्ध करा. प्रमाणभाषा शिकू नये असे माझे म्हणणे नाही. हा लेख मी तिच्यातच लिहीत आहे. पण नवा आवाज मिळवताना जुना आवाज खोटा होता असे मानण्याची सक्ती का? गावातला माझा आवाज आणि या पानावरचा माझा आवाज, दोन्ही माझेच. गांधारी आणि गंगूबाई या दोन बाया नव्हत्या, तशीच मीही दोन नाही.

तीच गोष्ट शास्त्रीय संगीताची. “ते पुण्या-मुंबईच्या लोकांचे, आपले काय त्यात?” असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. पण सप्ताहात आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका पहाटेच्या भजनाला जे स्वर धरतात, ते भैरवीचेच असतात. त्यांना नाव ठाऊक नसते इतकेच. पखवाजाचा ठेका, टाळकऱ्यांची लय, कीर्तनकाराने चढवत नेलेली चाल, हे सगळे आमचे कान घडवत आले आहेत. नांदेडला गुरुद्वाऱ्यात रोज रागांत बांधलेले कीर्तन चालते. त्या रस्त्याने आपण रोज जातो-येतो. घरात शिरायचे दार आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण अंगणात उभे आहोत हे खोटे होत नाही.

यावर एक रोकडा प्रश्न येणारच. “याचा उपयोग काय?” लातूरसारख्या शहरात, जेथे गंजगोलाईपासून पुढे कोणत्याही रस्त्याने गेले तरी शिकवणी वर्गांच्या पाट्या लागतात आणि ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर घेतले जाते, तेथे कला शाखेच्या मुलीने नव्वद वर्षांपूर्वीची गाणी ऐका म्हणणे म्हणजे चेष्टाच! “बी.ए. करून काय करणार?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारतात; त्यात आता हे. माझे उत्तर साधे आहे. ज्या गावात सगळे एकाच गाडीला धावतात, तेथे गाडी चुकलेल्यांची संख्याही मोठी असते. एका परीक्षेत गुण कमी पडले की, आता सगळे संपले असे मानणारी मुले आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांना उपदेश नको असतो. हाताशी असलेला गळा निघून गेला, तरी राहिलेल्या गळ्याने साठ-सत्तर वर्षे गाता येते, हे ऐकायला मिळणे त्यांच्या अधिक उपयोगाचे आहे. ऐकायला, म्हणजे कानांनी. आधी गांधारी, मग गंगूबाई. मध्ये काही बोलायचे नाही.

शेवटी काही सूचना करते. आपल्या कॉलेजांना त्यासाठी फार पैसा लागणार नाही.

पहिली सूचना अशी की, आठवड्यातून एक तास ‘श्रवणतास’ ठेवावा. वर्गखोली, एक बरा ध्वनिवर्धक आणि कोणाचा तरी मोबाइल एवढे पुरे. एका कलावंताची एक सुरुवातीची आणि एक उत्तरकाळातली ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकावी. भाषण नको, हारतुरे तर नकोतच.

दुसरे म्हणजे, नांदेड-लातूरच्या जुन्या घरांत ज्या तबकड्या पडून आहेत, त्यांची नोंदवही करावी. तबकडीच्या मध्यभागी असलेल्या कागदावर कंपनीचे नाव, क्रमांक, गायकाचे नाव, रागाचे किंवा गाण्याचे नाव असते. कागदाजवळच्या मोकळ्या जागेतही बारीक आकडे कोरलेले असतात. दोन्ही बाजूंचे सगळे उतरवून घ्यावे आणि मोबाइलवर छायाचित्र काढावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प कोणता? मात्र एक काळजी घ्यावी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या मिश्रणाच्या असतात. त्या स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते. त्या एकावर एक रचू नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. वाजवून पाहण्याच्या मोहात जुनी गंजकी सुई तर कधीच लावू नये.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तबकडीवर ज्यांचे आवाज आले, ते निदान उरले. ज्यांचे कधीच आले नाहीत, त्यांचे काय? गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, आणि तीन मिनिटांची मर्यादाही नाही. सुट्टीत गावी गेल्यावर आजीजवळ बसा. तिचे नाव, गावाचे नाव, दिवस आणि साल आधी बोलून घ्या, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसावे लागणार नाही. तिला विचारून, तिची मर्जी असेल तरच, तिच्या ओव्या मुद्रित करा. ती म्हणेल, “माझा आवाज काय ऐकायचा, भसाडा हाय.” तिला सांगा, असाच आवाज पद्मविभूषण झालेला आहे.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, आपल्यातले बहुतेकजण आपापल्या घरातून प्रथमच या इमारतीत आले आहेत. आपले जे काही होईल ते व्हायचे आहे. आपल्या पहिल्या तबकडीवर कोणते नाव छापले जाईल आणि शेवटच्या तबकडीवर कोणते, हे आज कोणालाच सांगता यायचे नाही. मध्ये गळा बदलेल, वाट बदलेल, कदाचित जे आज आपले बळ वाटते तेच हातून जाईल. त्या वेळी पहिल्या आवाजासाठी रडत बसायचे नाही, आणि त्याची लाजही धरायची नाही. उरलेला आवाज घेऊन गाडी पकडायची आणि शिकायला जायचे.